करडईतून पळणारी नायिका

शेतकरी जसा आधी बांधावर उभा राहून रान बघतो, तशी बियाणेअप्पा कादंबरी वाचत. नायक-नायिकेचे पुढे काय झाले याच्याशी त्यांना देणेघेणे नसे. झाड, पाखरू, पीक, वारा लेखकाने बरोबर लिहिलाय का, एवढेच ते तपासत. चूक सापडली की बियाण्याच्या पुडीवर लावायची चिठ्ठी घेऊन त्यावर निकाल लिहीत आणि खळ लावून पुस्तकाच्या शेवटच्या पानाला डकवून टाकत.

चाकूरला त्यांचे बियाण्याचे दुकान होते. शेजारच्या खोलीत सार्वजनिक वाचनालय होते आणि अप्पा त्याचे बिनपगारी ग्रंथपाल. मी शाळेत नव्याने आलेली बाई, अक्षर बरे म्हणून समितीवर घेतलेली. मी नेलेल्या पहिल्याच कादंबरीच्या शेवटी तीन निकाल होते.

‘पान ४२. नायिका करडईच्या रानातून अनवाणी पळते. लेखकाने एकदा पळून दाखवावे.’

‘पान ९०. टिटवी झाडावरच्या घरट्यात परतली. टिटवी जमिनीवर अंडी घालते. घरटे कोणाचे, चौकशी व्हावी.’

‘पान ११७. पळसाच्या फुलांचा घमघमाट. पळसाला वास नसतो. नाक दाखवून घ्यावे.’

मी नायिकेची बाजू घेतली. “अप्पा, ती प्रेमात आहे. तिला काट्यांचे भान कुठले?”

“असं हाय का?” कपाळावरची विभूती न हलवता अप्पा म्हणाले. “मग चला.”

पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. काळ्या रानात जमिनीतल्या ओलीवर करडईच तेवढी उभी होती. अप्पा बांधावर थांबले आणि म्हणाले, “पळा.” मी चपला काढल्या. नोंद अशी: पावले तीन, काटे सात, फाटलेली साडी एक.

“थांबलात का, बाई? पलीकडून कोणी बोलावत न्हाई का?”

काटे काढत मी बांधावर बसले आणि पोट दुखेपर्यंत हसले.

दुष्काळात बियाणे घेणार कोण? दुकानात माशी नव्हती, वाचनालयात मात्र गर्दी. लोक येत ते चिठ्ठ्यांसाठी. “गोष्ट कशी का असंना अप्पा, चिठ्ठी लांब असलेलं द्या,” असे म्हणणारा शेतकरी मी स्वतः पाहिला आहे.

मग लातूर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यातून वाचनालयांची नव्याने तपासणी होणार, असे पत्र आले. पुस्तकांत लिहिलेले, चिकटवलेले चालणार नव्हते. मान्यता गेली की नवी पुस्तके बंद. अध्यक्षांनी सांगितले, “अप्पा, चिठ्ठ्या काढाव्या लागतील.”

अप्पांनी कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. “काढा की. पण खराब बी हाय हे ठाऊक असून गप बसून विकायचं, हे माझ्याच्यानं होणार न्हाई. दुसरा माणूस बघा.”

अशा वेळी मला रकाने सुचतात. मी एक जाड वही आणली आणि रेघा मारल्या: पुस्तक, पान, लेखकाचे म्हणणे, रानाचे म्हणणे. अप्पांनी शेवटचा रकाना बराच वेळ पाहिला. मग किल्ल्या उचलून पुन्हा कमरेला लावल्या.

वाटीभर पाण्यात फडके भिजवून आम्ही चिठ्ठ्या सोडवत गेलो आणि मी वहीत उतरवत गेले. कवितांच्या एका पातळ पुस्तकात ही निघाली: ‘पान ८. असा पाऊस कुठेच पडत नाही. वारा कुठला, ढग कुठले, काही जुळत नाही. दोनदा वाचले.’ खाली वेगळ्या शाईत: ‘आज पुन्हा.’

“अप्पा, इथे रानाचे म्हणणे काय लिहू?”

त्यांनी पुस्तक माझ्या हातातून काढून घेतले. “ही राहू द्या, बाई. रान सध्या गप हाय.”

तपासणीचे साहेब घामाघूम होऊन आले. वही उघडली आणि टिटवीच्या चौकशीपाशी असे हसले की शिपाई आत डोकावला. आम्ही सुटलो म्हणेपर्यंत त्यांनी कपाटातून नेमके ते पातळ पुस्तक ओढले.

“यात चिठ्ठी राहिली आहे.”

“हाव. माझी हाय,” अप्पा म्हणाले.

साहेबांनी चिठ्ठी वाचली. मग पान आठ काढून तेही वाचले. आमचे अध्यक्ष छताकडे बघत होते.

“हे घरी नेता येईल का?”

“सभासद व्हावं लागतं,” अप्पा म्हणाले.

साहेब सभासद झाले. शेऱ्यात लिहिले, ‘पुस्तके सुस्थितीत.’ पंधरा दिवसांनी पुस्तक परत आले तेव्हा चिठ्ठीवर ‘आज पुन्हा’च्या खाली तिसऱ्या शाईत एक शब्द वाढला होता: ‘मीही.’

अप्पा आता नाहीत. ती वही वाचनालयात आहे, आणि अजून लोक ती मागतात. दर दिवाळीला घरचे कपाट आवरताना मी टाकून द्यायच्या वस्तूंची यादी करते. एक वस्तू त्या यादीत कधीच येत नाही. माझी लोह्याला बदली झाली तेव्हा निरोप म्हणून अप्पांनी दिलेली करडईच्या बियाण्याची पुडी. तिच्यावर चिठ्ठी आहे: ‘पेरावी. पळू नये.’