वाया गेलेल्या सतरा टोप्या

विद्यापीठाच्या इस्पितळात टाकेबाईंची शिवणखोली आणि मोठ्या साहेबांची खोली यांच्यामधे फळकुटाची एकच भिंत. पलीकडचं भांडण ऐकायचं नाही म्हटलं तरी कानावर यायचं, आणि टाकेबाईंनी तसं कधी म्हटलंही नाही.

वीस वर्षांपूर्वी असंच एकदा जुंपलं होतं. एक प्राध्यापक टेबलावर हात आपटत होते, "बाहेरच्या संस्था म्हणतात, आधी उपाय चालतो ते दाखवा, मग पैसे देतो. अहो, पैशाशिवाय दाखवू कसं? वेड जात नाही म्हणून लग्न होत नाही, आणि लग्न होत नाही म्हणून वेड जात नाही!"

"मग काय विद्यापीठानं तुमची खुळं पोसायची?" साहेब कडाडले.

"पोसू नका. पहिलं पाऊल पडेपर्यंत बोट तेवढं धरा!"

पुढच्या वर्षी विद्यापीठानं खरंच पदरचा थोडा पैसा कच्च्या कल्पनांसाठी बाजूला काढला. त्या निधीचं नाव हातभर लांब. टाकेबाई त्याला 'बोटधरणी' म्हणायच्या.

टाकेबाई इस्पितळातल्या शिवणकामवाल्या. चादरींना ठिगळं लावायची, गाउनांना नाड्या. शिक्षण तिसरीपर्यंत, पण उसवलेलं काही नजरेतून सुटायचं नाही, मग ती चादर असो की माणसाचं बोलणं.

निवृत्तीला सहा महिने उरले असताना एक तरुण डॉक्टरीण दारात उभी राहिली. "मावशी, टोपी शिवाल? मुठीएवढ्या डोक्याची."

कमी दिवसांच्या बाळांसाठी हवी होती. बाळ गार पडायला लागलं की टोपीवरची पट्टी निळी व्हावी, म्हणजे नर्सला लांबूनही कळेल. टाकेबाईंची थोरली अशीच आठव्या महिन्यात झालेली, ओंजळीत मावणारी. सासूसुनांनी पाळीपाळीनं छातीशी धरून तिला जगवली. आता ती दारातून तिरकी होऊन आत येते, ती गोष्ट वेगळी. पण टोपीचं ऐकलं आणि बाईंनी चादरी बाजूला सारल्या.

पहिली टोपी मापासाठी आणलेल्या बाहुलीच्या नाकावर उतरली. दुसरीची पट्टी निळी झाली ती निळीच राहिली. तिसरीची शिवण आतून टोचायची.

"टाकून द्या, मावशी."

टाकतील कशाला! प्रत्येकीला चिंधी बांधून, तिच्यावर काय बिघडलं ते पेन्सिलीनं लिहून बाई ती पिशवीत ठेवायच्या. अशा सतरा झाल्या. अठरावी जमली.

बोटधरणीच्या समितीपुढे डॉक्टरीण ती अठरावी तेवढी घेऊन गेली. बाहुलीला टोपी घालून दाखवायला टाकेबाई सोबत होत्या, पिशवी सवयीनं काखोटीला.

"सुबक आहे," अध्यक्ष म्हणाले. "सगळं तयारच दिसतंय. मग आमच्याकडे कशाला? आमचा पैसा कच्च्या कामासाठी. बाहेर मागा."

डॉक्टरणीचा चेहरा खर्रकन उतरला. बाहेर मागायचं तर वीस बाळांवरची पाहणी दाखवावी लागणार, आणि त्या पाहणीसाठीच तर ती इथे आली होती. आज नाही म्हणाले की टोपी कपाटात जाणार.

"तयार कसलं डोंबलाचं!" टाकेबाई बोलून गेल्या आणि पिशवी टेबलावर उपडी केली. "ह्या सतरा वाया गेल्या. अठरावी बसली ती बाहुलीला. बाहुलीला ना घाम, ना रडू. जिवंत बाळाला बसते का, कुणी पाहिलंय?"

अध्यक्षांनी चष्मा वर करून एक चिंधी वाचली, "'हिची पट्टी खोटं बोलते.' कुणी लिहिलंय?"

"मी. शुद्धलेखन तपासू नका."

सगळे हसले. अध्यक्ष मात्र एकेक चिंधी वाचत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर, हे आधी का नाही दाखवलंत?"

"लाज वाटली, सर."

"अहो, चुकायला मिळावं म्हणून तर हा पैसा आहे! बाहेर कोण देणार तुम्हाला चुकायला?"

पंधरा दिवसांत मंजुरीचं पत्र आलं. बाळांच्या आयांना नीट समजावून परवानगीचे कागद झाले आणि शिवणखोलीतलं मशीन पुन्हा खडखडू लागलं.

निवृत्तीच्या दिवशी टाकेबाईंनी नेहमीसारखी कपड्यांची गाडी नवजात कक्षाच्या दाराशी लावली. "आठ चादरी, सहा गाउन, वीस टोप्या. मोजून घ्या."

"मावशी, आज तरी राहू दे ना मोजणं," सिस्टर म्हणाल्या.

"का, आज नग कमी भरले तर चालतील?"

सिस्टरांनी हसत मोजलं, वहीत सही केली. एका गाउनाचा दोरा लोंबत होता. टाकेबाईंनी तो कात्रीनं तोडला आणि रिकामी गाडी ढकलत त्या उरलेल्या चादरी आणायला निघाल्या.