अंडीबाई

अंडीबाईंइतक्या खणखणीत आवाजात ‘माहीत नाही’ म्हणणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आपल्याकडे उत्तर येत नसलं की माणसं घसा खाकरतात, विषय बदलतात, नाहीतर वरच्या साहेबाकडे बोट दाखवतात. बाई शाळेत हजेरी द्यावी तशी मान वर करून सांगायच्या, “माहीत नाही.” आणि हे सांगणारी बाई मुंबईच्या एका प्रयोगशाळेत हृदयावर संशोधन करणारी. आईच्या पोटात बाळाचं हृदय घडतं कसं आणि काही बाळांच्या हृदयात जन्मतःच भोक का राहतं, हा त्यांचा विषय. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर अशी मुलं असलेली घरं गाठायची, आई, बाप आणि मूल अशा तिघांचं रक्त तपासायला न्यायचं, यासाठी त्या यायच्या. धसईच्या स्टँडवर त्या एसटीतून उतरत आणि तिथून पुढे माझ्या स्कूटीवर मागे बसत.

मी संघटनेच्या घरातली. आमच्याकडे पाठ्यपुस्तकाआधी पत्रकं आली. ‘जाहीर निषेध’ हे मी वाचलेले पहिले दोन शब्द असावेत. बाई मला ‘पुढारीण’ म्हणत. “चला पुढारीण, आज कोणाचं सरकार पाडायचंय?” असं म्हणून रक्ताच्या बाटल्यांचा थंड डबा मांडीवर घट्ट धरत.

कोंबडीच्या पिल्लाचं हृदय पुष्कळसं माणसासारखंच घडतं, म्हणून प्रयोगशाळेत त्यांचं सगळं काम अंड्यांवर चाले. पहिल्याच पाड्यावर त्यांनी खुडूक कोंबडीखालचं अंडं मागितलं. बसलेल्या कोंबडीच्या टोपलीत परक्या माणसाने डोकावूही नये, अशी आमच्याकडची रीत. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, “मुंबैत अंडी सरली का काय गो?” त्या दिवसापासून त्या अंडीबाई झाल्या. नाव कानावर आलं तेव्हा बाई खूश झाल्या. मग घरोघरी त्यांच्या पुढ्यात उकडलेलं अंडं येऊ लागलं, आणि बाई ते हात जोडून परत करत. “ज्याच्यावर काम करते ते पोटात घालत नाही.” ती अंडी मी खाल्ली.

‘डॉक्टर’ म्हटल्यावर लोक त्यांना दुखरे गुडघे दाखवायचे. “मी औषधाची डॉक्टर नाही हो,” त्या म्हणायच्या. “मंग कशाची?” एका म्हाताऱ्याने विचारलं. “प्रश्नांची.” म्हातारा म्हणाला, “म्हंजे आमच्यासारखीच. आमच्याकडं बी तेच हायेत.” बाई परतीच्या वाटेवर धसईपर्यंत हसत होत्या.

माझी पत्रकं मात्र त्यांना हसू देत नसत. एकदा मी मथळा लिहिला होता, ‘आमच्या लेकरांच्या काळजाला भोकं पाडणारी व्यवस्था’. खाली धरणाचं पाणी मुंबईला जाण्यापासून रेशनच्या तांदळापर्यंत सगळे आरोपी रांगेत उभे केले होते. बाईंनी पेन्सिल घेतली आणि निम्मं पत्रक खोडलं.

“हे भोक तांदळाने पडतं, हे तू कुठे पाहिलंस?”

“दिसत नाही का तुम्हाला?”

“नाही दिसलं. मूल तपासणारा तज्ज्ञ ठाण्याच्या अलीकडे नाही, हे दिसलं. आईला चार गाड्या बदलाव्या लागतात, हे दिसलं. ते लिही. खाली माझी सही घे.”

मी चिडून तेवढंच छापलं. बाईंनी खरंच सही केली.

वनिताचं घर आम्हाला उशिरा सापडलं, कारण ती घरात नव्हतीच. तिचा मुलगा सव्वा वर्षाचा होता. दूध पिताना घामाने भिजायचा, दर पंधरवड्याला छाती भरायची. हृदयाच्या आतल्या भिंतीला भोक आहे, ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाड्याने कारण आधीच काढून ठेवलं होतं. पोटुशी असताना ग्रहणात वनिताने विळीवर भोपळा चिरला. ग्रहणात पोटुशीने काही कापलं की बाळाला आत चीर पडते, हे इथे लहान मूलही सांगेल. सासूने, बुधीआजीने, लेकरासकट तिला शेणवे गावाकडच्या माहेरी धाडलं होतं आणि नवऱ्यासाठी, काशिनाथसाठी, दुसरी मुलगी बघणं सुरू होतं. बाईंनी माहेरी जाऊन मायलेकरांचं रक्त घेतलं. बापाचं राहिलं होतं, म्हणून आम्ही धसईच्या वरच्या पाड्यावर, तिच्या सासरी गेलो.

“माझं रगत कशाला?” काशिनाथ म्हणाला. “चूक तिनं केली.”

“मूल काय तिनं एकटीनं बाजारातून आणलं?” बाईंनी विचारलं. अंगणातल्या बाया खिदळल्या. काशिनाथ लाल झाला.

मी भाषणाला तोंड उघडलं होतं. बाईंनी माझा दंड दाबला आणि बुधीआजीकडे वळल्या. “आजी, तुमची कोंबडी बसलीय ना? तीन दिवसांचं अंडं द्याल एक?”

आजीने खूप आढेवेढे घेतले, पण दिलं. बाईंनी बारक्या कात्रीने कवचाला वरून खिडकी पाडली. पिवळ्या बलकावर मोहरीएवढा लाल ठिपका. तो उडत होता.

“अगो बाय! हालतंय!” आजीने पदर सावरला. “चोच कुठं हाय?”

“अजून नाही.”

“पाय?”

“नाहीत. आधी काळीज. माणसाचंही तसंच, आजी. पाळी चुकली की काय अशी शंका येते, तोवर काळीज हलायला लागतं. दुसरा महिना सरता सरता त्याच्या आतली भिंत घालून होते. भोक राहायचं ते त्या भिंतीत, तेव्हाच राहतं. वनितानं भोपळा चिरला तेव्हा कितवा होता?”

आजीने बोटांवर हिशेब केला. “सातवा लागलेला.”

“मग भोक आधीच होतं.”

आजीने त्या ठिपक्यावर डोळे रोखले. मग एकदम उसळली, “तर मंग केलं कुणी?”

“माहीत नाही.”

“येवढी शिकलीस नि माहीत नाय?”

“नाही ना. म्हणून तर दारोदार रक्त मागत फिरतेय.”

आजीला हसू आलं. “लबाड असतीस तर कायतरी सांगून मोकळी झाली असतीस.” मग लेकाच्या पाठीत धपका घातला, “दे रं रगत. काय मरत नायस.”

वनिता घरी आली. पोराचं ऑपरेशन मुंबईला झालं, आणि आता तो शेळ्यांमागे असा पळतो की धरता धरवत नाही. पण पाड्याला ते अर्धंच पटलं होतं. नळावर भांडण झालं की ‘भोपळाचिरी’ हा शब्द यायचाच, आणि रागाच्या भरात बुधीआजीच्याही तोंडून तो निसटायचा. वनिता हंडा उचलून निघून जायची.

तिला पुन्हा दिवस गेले, आणि सहाव्या महिन्यात ग्रहण आलं. त्याच सुमारास बाईंच्या अभ्यासाची मुदत संपली होती. त्या दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत निघाल्या होत्या आणि निरोप घ्यायला म्हणून आल्या होत्या. मला वाटलं, योग जुळून आला. मी भोपळा घेऊनच गेले. वनिताने सगळ्या पाड्यासमोर तो चिरायचा, मी फोटो काढायचा, वर मथळा द्यायचा.

आजी सुनेला म्हणाली, “आत जा नि सरळ पड. गिराण सुटेस्तोवर कूस बदलायची नाय.”

“वनिता, अजिबात जाऊ नकोस,” मी म्हणाले.

वनिता दोघींकडे बघत उभी राहिली. हात पोटावर. “ताई, मला भ्याव वाटतंय,” ती हळूच म्हणाली.

बाईंनी माझ्या हातातला भोपळा काढून घेतला आणि चटई आणली. “जा गं, झोप तू.” दुपारभर त्या उंबऱ्यात बसून राहिल्या. आत बुधीआजी सुनेच्या उशाशी डोळ्यांत तेल घालून बसलेली.

धसईला बस येईपर्यंत आम्ही भांडलो. मी म्हणाले, “तुम्ही शास्त्रज्ञ ना? अंधश्रद्धेला चटई अंथरून दिलीत!”

“उद्या या बाळालाही काही निघालं तर? निघणार नाही, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. तुझं पत्रक आठवड्यात रद्दीत जाईल, पुढारीण. तिला त्या भोपळ्याबरोबर जन्म काढावा लागेल.”

“मग लोक शहाणे व्हायचे कधी?”

बस आली. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि चढल्या. मी हात हलवला नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. तो आजही आहे, आणि त्या भेटल्या तर मी त्याच मुद्द्यावर पुन्हा भांडेन.

वनिताला मुलगी झाली. बाळ तपासताना डॉक्टरांना छातीत वेगळा आवाज आला. ठाण्याला नेलं, तर हिच्याही हृदयाच्या भिंतीत भोक निघालं. पोटात असतानाच्या तपासणीत दिसू नये इतकं बारीक. बहुधा आपोआप बुजेल, लक्ष ठेवा, असं सांगितलं. आम्ही बाळाला घेऊन पाड्यावर परतलो, तेव्हा नळावर बाया जमल्या होत्या. एकजण म्हणाली, “गिराणात चाळवाचाळव केली असंल. हिची खोडच ती.”

वनिताने मान खाली घातली. मी बोलणार, तोच बुधीआजी कमरेवर हात ठेवून पुढे झाली. नातवाच्या वेळी याच सुनेला घराबाहेर काढणारी बुधीआजी.

“मी बसलेले हिच्या उशाला. सुटेस्तोवर. हिनं करंगळी हालवली नाय, पाणी बी पिलं नाय. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तरी पोरीला झालं. म्हंजे गिराणाचा काय संबंध नाय. तवाबी नव्हता. हिला पुन्हा कुणी भोपळाचिरी म्हणलं ना, तर माझ्याशी गाठ हाय.”

नळ वाहत होता. तो बंद करायचंही कोणाला सुचलं नाही. वनिता बाळाला घट्ट धरून ढसाढसा रडली.

मी तिथूनच बाईंना फोन लावला. निरोपाच्या भांडणानंतरचा पहिला. एका दमात सगळं ओतलं. आजी काय म्हणाली, बाया कशा गप्प झाल्या, माझ्या दहा पत्रकांनी झालं नसतं ते त्या एका दुपारने कसं झालं. “तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं ना? म्हणून झोपवलंत ना तिला?”

“नाही गं,” बाई म्हणाल्या. “ती घाबरली होती, म्हणून झोपवलं.”

मी पुढे बोलणार होते, आपण जिंकलो वगैरे.

“ते राहू दे आता,” त्यांनी मला तोडलं. “पोर दूध पिताना थकते का? घाम येतो का? फोन ठेव आणि आधी ते बघ.”

मी फोन ठेवला. वनिता नळाच्या कट्ट्यावर टेकून पोरीला पाजत होती. मी गुडघ्यावर बसले आणि त्या इवल्या कपाळाला हात लावून पाहिला. कोरडं होतं.