घरतांच्या कॅसेटी

पेणजवळच्या गडब गावात वासुदेव घरतांकडे दुपारचा टीव्ही सुरू झाला की घरात कोणी बोलायचं नाही, असा नियम होता. त्या वेळी टीव्हीवर विद्यापीठातल्या प्राध्यापकांची व्याख्यानं लागत, तीही बहुतेक इंग्रजीत. घरत मांडी घालून पुढे बसत आणि टेपरेकॉर्डर टीव्हीला चिकटवून सगळं कॅसेटवर घेत. नियम त्यांची बायको सोडून सगळे पाळत. त्यामुळे उष्णतेवरच्या व्याख्यानात मधेच "जेवताव का मांजराला घालू?" असं स्वच्छ ऐकू येतं.

घरत सातवी शिकलेले, रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. व्याख्यान चुकू नये म्हणून ते दुसऱ्यांच्या, तीननंतर सुरू होणाऱ्या सेकंड शिफ्टा मागून घेत. प्राध्यापकांचं अर्धंमुर्धं कळे. उरलेलं कंपनीतल्या केमिस्टला गाठून विचारत आणि त्याच कॅसेटच्या शेवटी आपल्या भाषेत सांगत. फळ्यावरच्या आकृत्या कॅसेटवर उतरत नसत, म्हणून त्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढून सोबत देत. एका कॅसेटीत बराच वेळ शांतता आहे आणि मग घरतांचा आवाज: "लाइट गेली. फुडं प्रोफेसर काय बोल्ले ते मना म्हाईत नाय. तुमी इचार करा." मी जन्मभर मास्तरकी केली, पण इतकं प्रामाणिक वाक्य वर्गात कधी बोललो नाही.

कॅसेटी कोणीही न्याव्यात. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ते विचारत, "काय नेताव, ध्वनी का प्रकाश?" माणूस बिचारा तिकिटाचे सुटे शोधत असे.

मी पेणला शाळेत शिकवायचो आणि रविवारी रोह्याला मुक्त विद्यापीठाच्या केंद्रावर जायचो. दहावी न झालेल्यांनाही पूर्वपरीक्षा देऊन तिथे पदवीला प्रवेश मिळे. एसटीतच ओळख झालेल्या घरतांच्या मी मागे लागलो. "ऐकनाऱ्याला कोन नापास करतंय, सर?" असं म्हणून ते टाळत. मग एकदा स्टँडवर इकडेतिकडे बघून त्यांनी विचारलं, "डिग्री झाली तर ती नावाफुडं लावता येल?" त्यांना ते किती हवं होतं, हे मला तेव्हा कळलं. फॉर्म मीच भरून टाकला.

परीक्षेला ते लग्नाला निघाल्यासारखे कडक इस्त्री करून आले. पर्यवेक्षक मीच होतो. शेजारच्या बाकावर खांब गावच्या अंगणवाडीतल्या मदतनीस बाई होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "दादा, बाष्पीभवन म्हंजे काय हो?"

दुसरा कोणी असता तर पुटपुटला असता. घरतांना पुटपुटायची सवय नव्हती. कॅसेटवर बोलावं तसे ते खणखणीत बोलले, "मिठागर आठव गो. ऊन पानी नेता, मीठ ठेवता. पानी नेला ता बाष्पीभवन." सबंध वर्गाने खाली मान घालून लिहून घेतलं.

दारात बाहेरून आलेले निरीक्षक उभे होते. मी घरतांचा पेपर काढून घेतला. निरीक्षक नसते तरी हेच केलं असतं, असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. ते खोटं आहे. बाईंनी काही विचारलं नव्हतं, आपणच बोललो, असं घरतांनी लिहून दिलं, खाली सही केली आणि शिफ्ट गाठायला निघून गेले.

बाई पास झाल्या. वर्गातले जवळजवळ सगळेच पास झाले. मला मात्र कित्येक दिवस स्वतःची लाज वाटत राहिली.

पुढच्या वर्षी नवा फॉर्म घेऊन मी गडबला गेलो. घरतांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला, माझं पेन मागून घेतलं आणि सावकाश, वळणदार अक्षरात आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग थांबले. खरोखरच सल्ला हवा असल्यासारखं त्यांनी विचारलं, "सर, परत कुनी इचारला तं?"

या वेळी तुम्हाला एकट्याला कोपऱ्यात बसवतो, असं सांगायचं मी घरून ठरवून आलो होतो. ते न सांगता मी फॉर्मची घडी घालून तो खिशात ठेवला.

घरत आता नाहीत. तो फॉर्म माझ्याकडे आहे. त्यावर फक्त त्यांचं नाव आहे.