पीटी सरांचा लांब सीझन

सरावात एखाद्याचा खेळ बहरात आला की पीटी सर शिट्टी वाजवून त्याला थांबवत आणि घरी पाठवून देत. चुकणाऱ्याला, धापा टाकणाऱ्याला, चेंडू सोडून दुसऱ्याच्या नडगीवर लाथ मारणाऱ्याला ते मैदानावर ठेवून घेत. पण ज्याचा पाय त्या दिवशी सुटलेला असे, ज्याचा चेंडू मनात येईल तिथे जाऊन पडत असे, त्याला म्हणत, "बस झालं. घरी जा." माझ्यावर पहिल्यांदा ही वेळ आली तेव्हा बूट हातात घेऊन मी बराच वेळ फाटकापाशी उभा राहिलो. काय चुकलं ते कळेना. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर सर म्हणाले, "चुकलं न्हाई म्हणूनच धाडलं. सीझन लंबा हे. शिल्लक ठेव."

सर जिल्हा परिषदेच्या शाळेत पीटी शिकवून निवृत्त झाले होते. शाळेत त्यांनी कबड्डी, खो-खो, लेझीम सगळं शिकवलं, पण जीव होता फुटबॉलवर. जालन्यात क्रिकेटला गर्दी होते, फुटबॉलला आपलीच माणसं. आमचा संघ नोकरीधंदा करणाऱ्यांचा. मी नवीन जालना भागात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात कामाला आणि संघाचा कप्तान. रफिक स्टेशनवर ऑटो चालवायचा आणि मैदानाच्या मधोमध खेळायचा. गणेश तीर्थपुरी गावचा, आमचा गोल करणारा गडी, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात होता. मैदानावर पोचलं की कोणी सरांना जयभीम घालायचं, कोणी सलाम, कोणी रामराम. सर ज्याला त्याला त्याच्याच शब्दात उत्तर देत आणि लगेच विचारत, "काय खाल्लं?"

आमचा सीझन दसऱ्यानंतर मैदान वाळलं की सुरू व्हायचा आणि उन्हाळा पुरता तापेपर्यंत चालायचा. आधी जिल्ह्यातले सामने, मग शेजारच्या गावांची आमंत्रणं. एवढे दिवस अंग टिकवायचं तर मधे लग्नसराई आडवी येते. ज्या लग्नात आमच्यातले तिघेचौघे जाणार असत त्या लग्नाला सर हजर होत, बोलावणं असो नसो. पंगतीत ते आमच्यासमोर बसत. बोलत काही नसत, पण वाढपी बुंदी घेऊन आला की सर आमच्याकडे बघत आणि आमचे हात आपोआप पानावर आडवे होत. एकदा नवरदेव खुद्द रफिकच होता. त्याच्या दावतीतही सर समोर बसले. रफिकची सासू मला बाजूला घेऊन विचारत होती की हे कोण बुजुर्ग आहेत आणि जावयाला पोटभर जेवू का देत नाहीत.

रमजानमध्ये सराव इफ्तारनंतर तासाभराने व्हायचा, सगळ्यांचाच. धावताना सर आम्हाला बोलायला लावत. दिवसभरात काय केलं ते सांगत पळायचं. गणेश बोलता बोलता अडखळला की सर त्याला बसवत. तो म्हणायचा, मला दम लागला नव्हता, सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. सरांना ते पटत नसे. अर्ध्या गोष्टींचा अर्थ आम्हाला लागत नव्हता, पण आमच्या संघात कोणाची मांडी भरून यायची नाही, कोणाचा घोटा सुजायचा नाही. फाल्गुनात दुसरे संघ लंगडत मैदानावर यायचे आणि आम्ही ताजे असायचो. म्हणून आम्ही अर्थ विचारणं सोडून दिलं होतं.

मी सांगतोय त्या सीझनला दिवाळीनंतर सर जास्तच अगम्य झाले. अंग मोकळं करण्याचे व्यायाम संपले की पुन्हा पहिल्यापासून तेच सुरू करायला लावत. आम्हाला वाटलं, थंडी आहे, स्नायू नीट तापावेत म्हणून दुप्पट करून घेताहेत. संक्रांतीनंतर एका मोठ्या सामन्याआधी त्यांनी आठवडाभर चेंडूच बाहेर काढला नाही. रोज संध्याकाळी कडुलिंबाखाली बसून आपल्या तरुणपणीच्या सामन्यांच्या गोष्टी सांगितल्या आणि घरी पाठवलं. तो सामना आम्ही आरामात जिंकलो. मग त्यांनी रफिकला मधून काढून बचावात टाकलं. तिथे तो असा जमला की जणू जन्मभर तेच करत होता. गणेशला ते प्रकाश म्हणू लागले. गणेशने दोनदा दुरुस्त केलं, मग त्याने समज करून घेतला की आपण नावाला साजेसं खेळत नाही म्हणून सर डिवचताहेत. तो चिडून खेळायला लागला आणि त्याचे गोल वाढले.

या सगळ्याचं कारण मला कळलं ते आमच्या मैदानावर होणाऱ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी. आमच्यातले निम्मेअधिक तिशी ओलांडलेले होते. मूल झालं, बदली आली, गुडघे बोलायला लागले. हा संघ पुन्हा असा जमणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं आणि आजवर एकही मोठा चषक आम्ही जिंकला नव्हता. त्या दुपारी सरांची मुलगी सुनंदाताई माझ्या ऑफिसात आली. ती नांदेडला नर्स आहे, बोलणं मोजकं. तिने सांगितलं की बाबांना विसरण्याचा आजार झालाय, डॉक्टरांनी दिवाळीच्या सुमारासच सांगितलं होतं. बाबांनी शपथ घातली म्हणून ती गप्प राहिली. पण आज सकाळी त्यांनी तिलाच विचारलं, तू कोणाकडे आलीस. "उद्याचं तुम्हीच बघा दादा," ती म्हणाली. "त्यांना मैदानावर बसू द्या. पण त्यांच्यावर सोडू नका. रफिकभाईंना माहीत आहे सगळं."

मी तसाच स्टेशनवर गेलो. रफिक ऑटोत पाय वर घेऊन बसला होता. मी विचारल्यावर त्याने आधी इकडेतिकडे बघितलं. मग सांगितलं की दिवाळीनंतर एकदा सराव संपल्यावर सर फाटकापाशी उभे दिसले. घराचा रस्ता कुठल्या हाताला ते त्यांना आठवत नव्हतं. तेव्हापासून तो रोज त्यांना घरी सोडत होता. आम्ही समजत होतो की वयामुळे चालवत नसेल.

"मी म्हणलं, सर, आराम करा आता," रफिक म्हणाला. "तर मला म्हणले, कोणाला बोलू नको. सीझन संपू दे. जेवढं डोकं शिल्लक हे ते मैदानासाठी ठेवून राह्यलो. घरी बिलकुल खर्च करत न्हाई."

मी ऑफिसात परत गेलो, पण काम सुचेना. दुप्पट व्यायाम हा सराव होता की आधीचा केलेला ते विसरले होते? तो आठवडा विश्रांतीचा होता की चेंडू बाहेर काढायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं? रफिकला मागे नेलं ते त्याचा खेळ बघून, की त्याला दुसरंच कोणी समजून? बरं, सगळं चुकीचं म्हणावं तर आम्ही अंतिम सामन्याला पोचलो होतो आणि एकही गडी जायबंदी नव्हता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता सामना. ऊन असं की चुन्याच्या रेषा डोळ्यांत खुपत होत्या. सरांनी संघ सांगितला, त्यात गणेश नव्हता. "गुडघा," एवढंच ते म्हणाले. गणेशने दोन्ही गुडघे वाकवून दाखवले, जागच्या जागी उड्या मारून दाखवल्या. सर दुसरीकडे बघत होते. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. रफिकही. खरी गोष्ट आम्हा दोघांनाच माहीत होती.

मी सरांना बाजूला घेतलं आणि हळूच म्हणालो की गणेशशिवाय जड जाईल. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी त्यांचे डोळे निरखत होतो. कुठे धूसरपणा दिसतो का, माझं नाव घेताना अडखळतात का, ते बघत होतो. डोळे स्वच्छ होते. "कप्तान, त्याचा गुडघा हे," ते म्हणाले. कप्तान म्हणाले, नाव घेतलं नाही. पण ते मला नेहमीच कप्तान म्हणत. त्यावरून काय ठरवणार?

सुनंदाताईचं ऐकायचं की सरांचं, हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही. शिट्टी व्हायची वेळ आली म्हणून मी गणेशला बसायला सांगितलं. त्याने विचारलं कशासाठी. मी म्हणालो, सर म्हणतात.

"सर मला चार महिन्यांपासून प्रकाश म्हणून राह्यले," तो शांतपणे म्हणाला. "बसायचं कोणी हे, गणेशनं का प्रकाशनं?"

तो बाकावर जाऊन बसला आणि बुटाच्या नाड्या सोडून टाकल्या.

पहिल्या अर्ध्यात आम्ही एक गोल खाल्ला. समोरचा संघ धिप्पाड होता आणि आमच्याकडे पुढे पळणारा कोणी नव्हता. मध्यंतरात पाणी पीत असताना सर आमच्यात आले, प्रत्येकाकडे बघत गेले आणि बाकापाशी थांबले.

"प्रकाशला कोणी बसवलं?" त्यांनी विचारलं.

मी खाली बघत राहिलो. सरांनी पुन्हा विचारलं, या वेळी रागाने. रफिक पुढे झाला आणि म्हणाला, "गलती झाली सर." गणेशने एकदा रफिककडे बघितलं, एकदा सरांकडे, आणि नाड्या बांधायला घेतल्या.

त्यानंतरचा खेळ जालन्यात बघणाऱ्यांनी बघितला. समोरचे उन्हात भाजून निघाले होते, कमरेवर हात ठेवून उभे राहत होते, आणि गणेश सावलीत बसून आलेला. त्याने एक गोल केला, मग कोपऱ्यातून चेंडू असा टाकला की रफिकने मागून धावत येऊन डोक्याने आत ढकलला. आम्ही जिंकलो. चषक घेताना सर्वांनी सरांना मधे उभं केलं. ते हसत होते, पण कशाबद्दल हे सगळं चाललंय ते त्यांना ठाऊक होतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

त्या सामन्याबद्दल आमचं अजून एकमत नाही. रफिक म्हणतो, सरांनी ठरवून गडी राखून ठेवला होता आणि मध्यंतरातला राग नाटक होतं. सुनंदाताई म्हणते, बाबा विसरले होते, तुम्ही उगाच अर्थ काढू नका. गणेशला विचारलं तर तो आणखी गोंधळात टाकतो. त्याचं म्हणणं, गुडघा थोडा दुखत होता हे खरं, पण सरांनी म्हटल्यानंतर दुखायला लागला की आधीपासून, ते त्याला आठवत नाही. मी तिघांचंही ऐकतो. रोज वेगळं पटतं.

मृगाच्या आधी सुनंदाताई सरांना आपल्यासोबत नांदेडला घेऊन गेली. निघायच्या सकाळी आम्ही सगळे त्यांच्या घरासमोर जमलो. गणेश तीर्थपुरीहून मोटरसायकलवर आला होता, कपड्यांवर धूळ तशीच. सरांना गाडीच्या पुढच्या सीटवर बसवलं होतं, मांडीवर पाण्याची बाटली. आम्ही एकेक जाऊन पाया पडलो, सलाम केला, जयभीम केला. त्यांनी हात वर केला, पण शब्द आले नाहीत. सुनंदाताई गाडी सुरू करणार तेवढ्यात त्यांनी काच खाली करायला सांगितली आणि आमच्या रांगेवरून नजर फिरवली.

"सामना कधी हे?" त्यांनी विचारलं.

"आज न्हाई सर," मी म्हणालो. "आज सुट्टी हे."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मंग उभे कामून राह्यले?" ते म्हणाले. "बसा."

आधी रफिक बसला, रस्त्याच्या कडेला, मातीतच. मग गणेश. मग मी आणि बाकीचे. सरांनी आम्हाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघून घेतलं आणि काच वर केली. गाडी कोपऱ्यावरून वळली, धूळ खाली बसली. समोरच्या किराणा दुकानातली बाई बाहेर येऊन बघून गेली. उठा म्हणणारं कोणी नव्हतं, म्हणून आम्ही तसेच बसून राहिलो.