एक डोळा एलसीडीकडे, एक प्लाझ्माकडे

आमचा जुना डबा टीव्ही दिवाळीच्या तोंडावर गेला. गेला म्हणजे पडद्याच्या मधोमध एक आडवी पांढरी रेघ उरली आणि आवाज मात्र ठणठणीत. पंधरा दिवस आम्ही मालिका नुसत्या ऐकल्या. मग नवऱ्याने जाहीर केलं की आता सपाट टीव्ही घ्यायचा, बेचाळीस इंची, आणि तो प्लाझ्मा असेल. मी म्हटलं, एलसीडी असेल. तेव्हा बाजारात हे दोनच पक्ष होते, आणि राजापेठेतल्या आमच्या तीन खोल्यांत दोन्ही पक्षांना एकेक कार्यकर्ता मिळाला.

नवऱ्याला त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी पढवून ठेवलं होतं. प्लाझ्माचा काळा हाच खरा काळा, चेंडू सीमारेषेकडे धावताना त्याला मागे शेपूट फुटत नाही, वगैरे. मेथी निवडतानाही त्याचं हेच. मी म्हणायची, काळंच पाहायचं असेल तर घरात तवा आहे. माझा हिशेब साधा होता. प्लाझ्मा वीज खातो आणि तापतो. अमरावतीच्या मे महिन्यात कूलरसमोर बसूनही जीव नकोसा होतो, त्यात भिंतीवर आणखी एक शेगडी कशाला टांगायची? भारनियमन सुरू झालं की आमच्या म्हाताऱ्या इन्व्हर्टरला तो झेपणार नव्हताच. शिवाय आमच्या बैठकीचं दार सकाळी उघडलं की रात्रीची जेवणं झाल्यावरच लागतं. गल्लीची रीतच तशी आहे, दिवसा दार लावलं तर शेजारच्या काकू कोण आजारी आहे ते विचारायला येतात. प्लाझ्माची काच म्हणजे आरसा. तिच्यात मालिकेतल्या सुनेपेक्षा समोरच्यांच्या दोरीवरची चादर जास्त दिसली असती.

आठ दिवस हे चाललं. शेवटी नवरा म्हणाला, तुझ्या बाबांना विचारू, ते म्हणतील ते. मी हो म्हटलं, कारण बाबांना विचारलं नाही तरी ते सांगणारच होते. माझी शाळा, माझं बी.एड., लग्नातल्या शालूचा रंग, सगळं त्यांनीच ठरवलेलं. विचारायची पद्धत आमच्या घरात नव्हती, आणि मी लहानपणापासून तापट असूनही त्यांच्यापुढे माझं कधी चाललं नाही.

बाबा आमच्याकडे आले होते ते डोळ्यांसाठी. आई गेल्यापासून ते अकोटला एकटे राहत. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. उजव्याचं ऑपरेशन अमरावतीत झालं, उत्तम झालं. डाव्याचं महिन्याभराने करायचं ठरलं होतं, आणि तिथे गाडी अडली. बाबांचं म्हणणं, डॉक्टरने उजव्या डोळ्यात निळी काच बसवून दिली. त्यांना पांढरं काहीही निळसर दिसू लागलं होतं. मी कपड्यांना नीळ फार घालते म्हणून रोज बोलणी खात होते, आणि नीळ तर घरात दोन वर्षांपासून नव्हती. नीट काही पाहायचं असलं की ते उजवा डोळा तळहाताने झाकत आणि डाव्याने पाहत. हा माझा खरा डोळा, याला मी कुणाला हात लावू देणार नाही, असं त्यांनी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं होतं.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, फार दिवस काढले तर मोतीबिंदू पिकून कडक होईल, मग अवघड जाईल. मला त्याची खरोखर धास्ती बसली होती. राजापेठेच्या चौकात डावीकडून आलेली स्कूटर बाबांना दिसली नव्हती, मी दंड धरून मागे ओढलं म्हणून बरं. मी रागावले, रडले, एक दिवस अबोलासुद्धा धरून पाहिला. त्यांच्यावर काही परिणाम नाही. टीव्ही कुठलाही आला असता तरी चाललं असतं मला, बाबांचा दुसरा डोळा तेवढा हवा होता.

त्यांचा हट्ट कळायला त्यांचं काम माहीत हवं. बाबा अकोटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तीस वर्षं ग्रेडर होते. कापसाच्या गाड्या अंगणात लागल्या की ते एकेका गाडीवर चढत, वरचा कापूस बाजूला सारून पोटातला मूठभर काढत, धागा ओढून पाहत, आणि सावलीच्या उजेडात धरून रंग सांगत. त्यांनी पांढरा म्हटलं की पांढरा. डागी, पिवळट कापसाला आमच्याकडे कवडी म्हणतात, त्यांनी कवडी म्हटलं की शेतकऱ्याचा चेहरा उतरायचा, पण कुणी हुज्जत घालत नसे. निवृत्तीच्या आधीच्या दोन हंगामांत मात्र त्यांना कवडीच फार दिसू लागली होती. नव्या बियाण्याचा कापूस पिवळाच येतो, असं ते भेटेल त्याला पटवून देत. आम्हीही माना डोलवायचो. तीस वर्षांचा डोळा, त्याला खोटं कोण म्हणणार?

रविवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. दुकानदाराने दोन टीव्ही शेजारी शेजारी लावले होते, डावीकडे एलसीडी, उजवीकडे प्लाझ्मा. दोन्हींवर एकच कसोटी सामना, सगळे खेळाडू पांढऱ्या कपड्यांत. बाबांनी शिरताच त्याला ट्यूबलाइट बंद करायला लावल्या. व्यापाऱ्याच्या उजेडात माल पाहायचा नसतो, हे मी त्यांच्याकडून पाळण्यात असल्यापासून ऐकत आले आहे. दुकानदार हसला, पण बटणं बंद केली.

नवरा काळ्याचं पुराण सांगू लागला. बाबांनी त्याला हाताने थांबवलं. काळा कोणालाही करता येतो, म्हणाले, माल पांढऱ्यावर ओळखायचा. मग उजवा डोळा झाकला, दोन्ही पडद्यांपुढे मिनिटभर उभे राहिले आणि निकाल दिला. एलसीडी पांढरा. प्लाझ्मा कवडी.

नवऱ्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. मी बिनविरोध निवडून आले होते आणि ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. पण दुकानदार बिचारा आपल्या मालाला जागला. म्हणाला, काका, तुम्ही उलटं सांगता आहात, एलसीडीचा पांढरा जरासा निळाच राहतो, हा प्लाझ्माचा बरोबर आहे.

बाबा भडकले. माझा तापटपणा कुठून आला ते तेव्हा दुकानातल्या सगळ्यांना कळलं. तीस वर्षं पांढराच पाहिला म्हणाले, तू मला पांढरा शिकवतोस? आणि मग त्यांनी जिनिंगमधली जुनी रीत काढली. ग्रेडर आणि शेतकरी यांचं जुळलं नाही तर गाडीवरून उतरायचं, तिघांना बोलवायचं आणि एकेकाला बाजूला नेऊन विचारायचं. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानी पडता कामा नये. तिघं म्हणतील ते ग्रेडरने मानायचं, मग तो कितीही जुना असो.

आधी नवऱ्याला दोन्ही टीव्ही दाखवून दाराबाहेर नेलं. मग मिक्सर घ्यायला आलेल्या एका अनोळखी बाईंना. त्यांना काही कळेना, पण म्हाताऱ्या माणसाचा मान राखून त्याही गेल्या. शेवटी मला. फुटपाथवर उभं करून, दुचाक्यांच्या आवाजात, त्यांनी विचारलं की पांढरा कोणता. मला एलसीडी हवा होता, आणि एक शब्द खोटा बोलले असते तर तो तिथेच मिळाला असता. पण विचारणारे बाबा होते आणि समोर ती रीत होती. मी म्हटलं, "प्लाझ्माचा. एलसीडी निळा आहे, बाबा."

आधीच्या दोघांनीही तेच सांगितलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

ते आत गेले. या वेळी त्यांनी डावा डोळा झाकला आणि त्या नव्या, निळ्या काचेच्या डोळ्याने पाहिलं. मग उजवा झाकला. मग परत डावा. असं चार-पाच वेळा. सामन्यात कुणीतरी बाद झालं, नवरासुद्धा तिकडे पाहीना. बाबा बाजूच्या स्टुलावर बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी म्या तिघांले बलावलंच नाई."

घरी आल्यावर चहा पिताना त्यांनी सांगितलं. शेवटच्या हंगामात अकोटजवळच्या खेड्यातला एक शेतकरी गाडी घेऊन आला होता. वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच येणारा, कापूस वेचून घेण्यात काटेकोर. बाबांनी कवडी म्हटलं. तो म्हणाला, भाऊ, जरा नीट पाहा. बाबांनी पुन्हा कवडी म्हटलं. तो म्हणाला, मग तिघांना बोलवा. बाबांना इतकी खात्री होती की त्यांनी बोलवलं नाही आणि ते पुढच्या गाडीवर चढले. तो नंतर कधी आलाच नाही. मोतीबिंदूचा पिवळेपणा बाबांच्या डोळ्यांत तेव्हाच उतरला असणार, हे आता आम्हा सगळ्यांनाच कळत होतं. मला इतके दिवस त्यांचा राग येत होता, तो एकदम ओसरला आणि नुसती माया दाटून आली. टीव्हीचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही.

पुढच्या शनिवारी शाळेला दांडी मारून मी बाबांबरोबर एसटीने अकोटला गेले. तिथून रिक्षाने त्या खेड्यात. तो माणूस शेतातच होता, हरभऱ्यात. बाबांना पाहून त्याने हातातलं काम टाकलं, बांधावर गोणपाट अंथरलं, ओले हरभरे उपटून माझ्या ओटीत टाकले. राग वगैरे काही दिसेना. बाबांनी पाणीसुद्धा घेतलं नाही, आधी बोलून टाकलं.

"तुहा कापूस पांढरा होता. माहाच डोया पिवळा होता."

तो म्हणाला, मला माहीत आहे. त्या दिवशी त्याने गाडी तशीच वळवली होती आणि दुसऱ्या जिनिंगमध्ये नेली होती. तिथे पांढरा म्हणूनच गेला. त्याचं काही नुकसान झालं नव्हतं, फक्त परत यायची इच्छा राहिली नव्हती. हे ऐकून बाबांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. पण त्यांचा स्वभाव. सुटका झाली तिथे थांबायचं, तर उलट त्यालाच विचारलं, "मंग मले सांगतलं काहून नाई?"

तो हरभरा सोलता सोलता म्हणाला, "सांगतलं होतं की, भाऊ. तुमी आयकलं नाई."

आवाजात टोमणा नव्हता. पाऊस झाला की नाही हे सांगावं तसं त्याने सांगितलं आणि सोललेले दाणे बाबांच्या तळहातावर ठेवले. बाबांनी ते खाल्ले. मग दोघं मिळून कुणाचं वाण चांगलं निघालं यावर तासभर बोलत बसले आणि मला तिकडे उन्हात दोन वेळा जांभई आली.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसले होते. अंजनगाव गेल्यावर म्हणाले, डॉक्टरला सांग, दुसराही करून टाकू. मी बरं म्हटलं आणि खिडकीबाहेर पाहू लागले, कारण मला रडू येत होतं आणि एसटीत रडणारी बाई मला स्वतःलाच आवडत नाही.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन संक्रांतीनंतर झालं. पट्टी निघाल्यावर बाबा घरभर फिरून एकेक वस्तू पाहत होते. ज्वारीची भाकरी एवढी पांढरी असते हे विसरलोच होतो, म्हणाले. माझे केस किती पिकलेत हेही त्यांना तेव्हाच दिसलं, आणि ते त्यांनी शेजारच्या काकूंसमोर मोठ्याने सांगितलं.

मग आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो. तेच दोन टीव्ही. दुकानदाराने बाबांना पाहताच न सांगता ट्यूबलाइट बंद केल्या. नवरा आशेने बाबांकडे पाहत होता. निकाल आता त्याच्या बाजूने लागणार हे उघड होतं, मी मनातून हार पत्करली होती आणि समोरच्यांच्या चादरीची तयारीही केली होती. बाबा दोन्ही डोळे उघडे ठेवून दोन्ही पडद्यांपुढे उभे राहिले. प्लाझ्मा खरा पांढरा आहे, म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"तुले कोनता पायजे?"

मी शाळेत दिवसभर चाळीस पोरांपुढे बोलते, माझं तोंड कधी बंद पडत नाही. तेव्हा मात्र मी आधी पदर सारखा केला. बाबा थांबले होते. मान जराशी पुढे करून, घाई न करता, माझ्या तोंडाकडे पाहत. मी अडखळत दाराचं सांगितलं, उजेडाचं सांगितलं, उन्हाळ्याचं आणि इन्व्हर्टरचं सांगितलं. मधे त्यांनी एकदाही तोडलं नाही. नवऱ्याने तोडायचा प्रयत्न केला, तर त्याला म्हणाले, जावईबापू, तिचं होऊ द्या.

माझं सगळं बोलून झाल्यावरही ते क्षणभर थांबले, आणखी काही राहिलं असेल तर म्हणून.