एकाच कपाचा फेस

बाईने एकटीसाठी गॅस पेटवायचा नाही, असा नियम आमच्या घरात कुणी लिहून ठेवलेला नाही. तशी वेळच कधी आली नाही. मला चहाची तलफ आली की मी आधी हॉलमध्ये डोकावून विचारायचे, "चहा घेणार का कुणी?" कुणी ना कुणी घेणारच असायचं. मग त्यांच्या चहातला उरलेला कप माझा. कधी कधी अर्धाच. तोही ओट्याशी उभ्याने. लग्नाला तीस वर्षं होत आली, पण नुसत्या माझ्यासाठी म्हणून या घरात कधी काही उकळलं नव्हतं.

मग लेक पुण्याहून सुट्टीला आली आणि मला गंगापूर रोडवरच्या एका कॅफेत घेऊन गेली. कॉफी आली. वर बोटभर पांढरा फेस. लेकीला फोन आला म्हणून ती बाहेर गेली आणि मी एकटीने, खुर्चीत बसून, तो कप शेवटपर्यंत प्यायले. तेवढ्या वेळात कुणी मला पाणी मागितलं नाही, गाडीची किल्ली कुठेय म्हणून विचारलं नाही. कॉफी चांगलीच होती, पण मला खरी चटक लागली ती त्या बसण्याची. घरी आल्यावर ठरवलं, असा कप रोज दुपारी चार वाजता प्यायचा. स्वतःचा, पहिल्यापासून स्वतःसाठी केलेला.

आधी स्वस्तातलं घेऊन बघितलं. सेलवर चालणारी, टोकाला स्प्रिंगचं कडं असलेली चिमुकली रवी. तापवलेल्या म्हशीच्या दुधात ती सायीसकट घातली आणि बटण दाबलं. साय त्या कड्याला गुंडाळून बसली आणि दूध माझ्या चष्म्यावर, टाइल्सवर, देवाच्या कॅलेंडरवर उडालं. "अगं, आपली लाकडी रवी काय वाईट होती?" नवरा म्हणाला. हा माणूस आयुष्यात एकदाही ताक घुसळायला बसलेला नाही.

मग मी आणि नवरा दुकानात गेलो. हाताने दट्ट्या खालीवर करायचं काचेचं भांडं होतं, ते मी बाजूला सारलं. हातांना कामं कमी आहेत का? विजेवर चालणारे जग होते, दूध तापवणारे आणि फेसही काढणारे. दुकानदाराने मोठा पुढे केला. "मॅडम, फॅमिली साइज घ्या. सगळ्यांचं एकदम होतं."

"फॅमिलीला नकोय. मला हवाय," मी म्हटलं.

त्याने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. नवरा मिक्सरच्या फळीकडे बघू लागला. मी सगळ्यात लहान जग घेतला.

त्याच्या आत दोन रेघा असतात. वरची नुसतं दूध तापवायचं असेल तर, खालची फेसासाठी. पहिल्या दिवशी मी वरच्या रेघेपर्यंत दूध भरून फेस काढायला लावला. वास्तुशांतीला मुद्दाम उतू घालवतात तसं दूध ओट्यावरून खाली आलं, फक्त या वेळी कुणी हात जोडले नाहीत. मग शिकले. दूध फ्रीजमधलं, गारच हवं. साय आधी काढून घ्यायची आणि मग खालच्या रेघेपर्यंतच ओतायचं. फेस मऊ, घट्ट, चमच्यावर उभा राहणारा झाला, तेव्हा मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

साय सासूबाईंच्या तुपाच्या बरणीत जात होती, तरी त्यांना फेस खपला नाही. त्याला कारण होतं. मळ्यात राहत होतो तेव्हा घरी म्हशी होत्या आणि दूध घालायचं काम सासूबाईंचं. काही गवळी वरून धार धरून मापात फेस करतात आणि गिऱ्हाइकाला अर्धं दूध, अर्धा वारा देतात. सासूबाई फेस खाली बसेपर्यंत माप धरून उभ्या राहायच्या. त्यांच्या लेखी दुधावरचा फेस म्हणजे चोरी. आणि सुनेने चोरी करायचं यंत्रच घरात आणलेलं.

"माझ्या मापात जल्मात कधी फेस गेला नाय," त्या मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "आन् हिला फेसच प्यायचा हाय."

मी ऐकून घेतलं, पण मनात म्हटलं, या घरात राबून राबून माझ्या तोंडाला फेस आला तो कुणी बघितला नाही, कपावर आला तो बरा सगळ्यांना दिसला!

एका रविवारी नवऱ्याचे मित्र आले आणि त्याने मोठ्या हौसेने सांगितलं, "हिच्या हातची कॉफी पिऊन बघा." माझ्या जगमध्ये एका वेळी एकच कप होतो. एक झाला की जग जरा निवावा लागतो, नाहीतर फिरतच नाही. मी उभी राहून एकेक कप करत राहिले. सगळ्यांनी वा वा केली. माझी पाळी आली तेव्हा दूध संपलं होतं. मी त्यांचे फेस लागलेले कप विसळले, आणि विसळता विसळता मला असा संताप आला की एक कप आपटलाच. पुन्हा तेच! यंत्र माझं, फेस मी काढलेला, आणि उरलंसुरलंसुद्धा माझ्या वाट्याला नाही. त्या दिवशी मी नवऱ्याला सांगून टाकलं, "यापुढे यात एकच कप होणार. माझा. बाकीच्यांना चहा मिळेल, हवा तेवढा."

"कुणी मागितली तर?"

"तर नाही म्हणेन."

तो हसला. त्याला वाटलं, बोलायची गोष्ट आहे.

पंधरवड्याने मनमाडहून नणंद आणि तिचे यजमान आले. जावई म्हणजे आमच्याकडे पाटावर बसवायचा माणूस. चार वाजले. मी सगळ्यांना आलं घालून चहा केला, चिवडा ठेवला, आणि मग माझा जग लावला. नणंद आत आली. "अय्या वहिनी, हे काय? आमच्या ह्यांना कॉफी फार आवडते. चहा राहू द्या, तीच द्या की."

खोटं बोलता आलं असतं, मशीन बिघडलंय म्हणून. मी कप हातात घेऊन हॉलमध्ये गेले आणि सरळ सांगितलं, "तुमचा चहा केलाय. ही कॉफी माझी आहे."

नवऱ्याने मान खाली घातली. नणंदेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जावयांनी पुढे केलेला हात तसाच राहिला. मी कप दिला नाही. आता सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटणार, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं.

सासूबाईंनी चहाचा कप उचलून जावयांपुढे ठेवला. "पाव्हणं, त्याच्यात काय नाय. नुसता वारा हाय. तुमी चहा घ्या."

मग माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर तीच नाराजी, रोजचीच.

"आन् तू उभी का? बस की. तुझा फेस चालला खाली."

त्यांनी माझी बाजू घेतली की फेसाची टर उडवली, मला माहीत नाही. विचारणारही नाही. पण मळ्यापासून या फ्लॅटपर्यंत, या घरात मला "बस" म्हणणाऱ्या त्या पहिल्याच.

नवऱ्याशेजारची खुर्ची रिकामी होती. मी तिच्यात पाठ टेकून बसले आणि सगळ्यांदेखत कॉफी प्यायले, सावकाश, तळापर्यंत. फेस वरच्या ओठाला लागला. नणंदेने खूण केली, पूस म्हणून.

मी पुसला नाही.