हजेरीतलं खुरपं

"बसा रे, बसा! ही मॅडम नाही. आमच्या रानात खुरपायला येते."

पहिल्या दिवशी दारात साडीतली बाई दिसली म्हणून अख्खा वर्ग उठून उभा राहिला होता. पोरांना वाटलं, नवीन मॅडम आल्या. मी ओशाळून दारातच थांबले. मागून सर आले आणि हे बोलले. वर्ग खदाखदा हसला. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

वय त्रेचाळीस. बारावी दिली ती बाहेरून, सतरा नंबरचा फॉर्म भरून, धाकट्या लेकीबरोबर. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं, तर शिकवायला नेमके आमच्याच गावचे बागायतदार. सकाळी वर्गात ते सर. दुपारी कांद्याच्या रानात तेच मालक. सुटका कुठंच नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाली. सगळ्यांची नावं घेतली, आडनावासकट. माझ्या नावाशी आले, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "खुरपं!"

गप्प बसले तर गैरहजेरी लागणार. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत. मी म्हणाले, "हजर, सर."

वर्षभर मी तेच म्हणाले. रोज. आतून पेटायचे, पण बोलणार कुणाशी? नवरा म्हणायचा, "मालकाच्या वाकड्यात शिरू नको. चूल त्यांच्यावर हाय." वर्गातल्या पोरी आधी हसायच्या, नंतर नंतर खाली बघायला लागल्या. ते खाली बघणं मला जास्त लागायचं. दुपारी सरांच्याच वाफ्यात बसून सकाळचा धडा मनात घोळवायचे. हातात खुरपं असायचंच.

पहिलं वर्ष पास झाले. सगळे विषय सुटले. फर्स्ट क्लास. लेकीनं मोबाईलवर निकाल दाखवला. त्यावर माझं नाव होतं, पूर्ण. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि बांधावर बसून रडले. मग राग आला. स्वतःचाही आला.

दुसऱ्या वर्षाचा पहिला तास. मी मुद्दाम पहिल्या बाकावर बसले. सर खुशीत होते. "उभे राहा रे! टाळ्या वाजवा. आपलं खुरपं फर्स्ट क्लासमध्ये आलं!"

पोरं उठली. टाळ्या वाजल्या. मग हजेरी. "खुरपं!"

मी उभी राहिले.

"सर, माझं नाव तुमच्या म्होरं लिवलेलं हाय. ते वाचा. मंग हजर म्हनते."

सर हसले. मग हसायचे थांबले.

"गैरहजर," ते म्हणाले. "आणि दुपारी रानात यायची गरज नाही."

"बरं," मी म्हणाले आणि खाली बसले. तास संपेपर्यंत हलले नाही.

दुपारचं काम गेलं. नवरा बोलत नाही. गावात दुसरं कुणी रानात घेईल, न घेईल. पण उद्या सकाळी मी त्याच बाकावर असणार. लावू दे गैरहजेरी. माझं नाव घेतल्याशिवाय "हजर" हा शब्द त्या माणसाला माझ्या तोंडून ऐकायला मिळणार नाही.